तोफेचा दुसरा बार

धडाम!

ताईचा ब्रश सटकला आणि चित्रातल्या सरोवरावर हा एवढा मोठा डाग पडला.

“मेली ती तोफ! सुखानं एक चित्र काढू देईल तर शपथ!”

तिचं रागावणं बरोबरच होतं. समोर काय सुंदर देखावा होता! डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेला मामाचा द्राक्षमळा, त्याच्याखाली उन्हात लखलखणारं सरोवर, पलीकडे निळे डोंगर. सुट्टीभर हे असंच बघत बसावं, एवढंच तिला हवं होतं. पण पाखरं हाकलायची ती गॅसची तोफ आपोआप वाजायची. आधी एक बार, जरा वेळानं दुसरा, की मग दुपारपर्यंत गप्प.

धडाम! दुसरा बार झाला.

शेजारी बसलेला बेडूक दचकलाच नाही. बेडूक म्हणजे तिचा धाकटा भाऊ. दिवसभर पाण्यात, म्हणून हे नाव. परवा तो किंचाळत पाण्याबाहेर आला, तेव्हा त्याच्या डाव्या कानातून रक्त वाहत होतं. “पाण्यानं मला बुक्की मारली!” असं तो रडत सांगत होता. मामा म्हणाला, “खडकावर आपटलास आणि आता थापा मारतोस? खोटारडा कुठला! खबरदार पुन्हा पाण्यात गेलास तर!” डॉक्टरांनी कानाचा पडदा फाटल्याचं सांगितलं. तेव्हापासून बेडूक कुणाशी धड बोलत नव्हता. कान दुखतो म्हणून नव्हे. खोटारडा म्हटलं म्हणून.

“शी! थू! थू!” मामाचा मुलगा तोंड वेडंवाकडं करत आला. वाद घातल्याशिवाय त्याला जेवण पचायचं नाही, म्हणून सगळे त्याला वकील म्हणायचे. “दगड आहेत दगड ही द्राक्षं! एवढी आंबट, की पाखरू चोचसुद्धा लावणार नाही.”

ताई थबकली. “मग तोफ कशाला लावलीय?”

“ते मासे धरणारे नाववाले काका आहेत ना, त्यांनी बाबांना फुकट दिली. ‘यंदा पाखरं लवकर येणार’ म्हणाले. बाबा खूश!”

“आणि तो नाववाला आत्ता कुठे आहे?”

तिघांनी खाली पाहिलं. काठाच्या वळणात, बेडूक पोहायचा तिथंच, नाव उभी होती. तिच्यामागचं पाणी अजून फेसाळत होतं. नाववाला जाळीनं काहीतरी भराभर उपसत होता. पांढरी पोटं वर केलेले मासे!

“सुरुंग!” वकील ओरडला. “पहिल्या बाराला पेटती कांडी पाण्यात टाकायची. दुसऱ्या बाराच्या आवाजात स्फोट खपून जातो!”

“मी सांगितलं होतं,” बेडूक एवढंच म्हणाला.

“चला, बाबांना सांगू!” वकील म्हणाला.

“ते ऐकणार नाहीत,” ताई दातओठ खात म्हणाली. “आता त्यांना आवाजच ऐकवायचा!”

दुपारी ताई कानात कापूस कोंबून तोफेमागे दबा धरून बसली. बेडूक जवळच वेलींआड लपला, वकील खाली काठावरच्या झाडामागे. नाव वळणात आली. पाण्यात दुसरं कुणी नव्हतं, हे तिनं दोनदा बघून घेतलं.

धडाम! पहिला बार. नाववाल्यानं कांडी भिरकावली. त्याच क्षणी ताईनं गॅसच्या सिलिंडरची चावी करकचून बंद केली.

तोफ मुकी झाली. आणि...

धडाडाड्धम्म! सरोवर फाटल्यासारखं पाणी उसळलं. नाव गरकन फिरली. काठावरच्या घराची काच खळ्ळकन फुटली. मळ्यातली माणसं हातातली कामं टाकून धावत सुटली.

नाववाल्यानं नाव काठाला लावली आणि पिसाळल्यासारखा वर आला. वेली तुडवत त्यानं ताईला गाठलं. “कार्टे! तू बंद केलीस तोफ?” फाडकन तिच्या मुस्काटात बसली. तोंडात रक्ताची चव आली. त्यानं तिची वेणी धरून ओढली, तोच मागून बेडकानं वेलीच्या आधाराचा बांबू त्याच्या नडगीवर असा हाणला, की तो बोंबलत खाली बसला!

“थांबा! काय चाललंय?” मामा धापा टाकत आला.

“तुमची भाची!” नाववाला विव्हळला. “तोफेशी खेळली! त्याचाच हा आवाज!”

मामाचा हात वर गेला. ताई जागची हलली नाही.

“मारा, मामा! पण आधी ही चावी बघा, बंद आहे! मग आवाज कुठून आला?”

“नावेतून!” खालून वकील ओरडला. नावेचा दोर त्यानं झाडाला पक्का बांधला होता. “आणखी कांड्या आहेत, बाबा! आणि पोटं फुटलेले मासे!”

मामाचा हात तसाच राहिला. मग तो नाववाल्याच्या मानगुटीवर पडला. “माझ्या मळ्याआड? माझ्या भाच्याचा कान फोडलास!” गड्यांनी आवरलं नसतं, तर त्या दिवशी काहीतरी भलतंच झालं असतं.

पोलीस नाववाल्याला घेऊन गेले. फौजदारांनी तिघांची पाठ थोपटली. “तुमच्यामुळे या काठावरची पोरं वाचली!”

मामानं मोठा हातोडा आणला आणि घाव घालून त्या तोफेचा चेंदामेंदा केला. मग घामाघूम होऊन बेडकाशेजारी येऊन बसला.

“चुकलो रे बाळा. तू खरं बोलत होतास.”

बेडूक समोर पाण्याकडे बघत राहिला. मामाला वाटलं, पोरगं रुसलंय. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण त्याच्या डाव्या कानाच्या बाजूला बसलोय.

तो उठला, वळसा घालून उजवीकडे गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तेच पुन्हा म्हणाला.