आवाज उशिरा येतोय

मी घरी बसून नेमकं काय करते हे आमच्या गावात, साखऱ्यात, अजून कुणाला धड कळलेलं नाही. कुणी म्हणतं पोरगी ऑनलाइन डॉक्टर आहे, कुणी म्हणतं फोनवर कर्ज विकते. खरं काम अगदी उलटं आहे. मी बोलत नाही, ऐकते. मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांतले डॉक्टर रुग्ण तपासून झाला की तोंडी अहवाल सांगतात, घाईघाईत, घास तोंडात असल्यासारखे, आणि मी कानाला हेडफोन लावून तो बिनचूक टाइप करते. न कळलेल्या शब्दाच्या जागी रेघ सोडायची, असा नियम आहे. आमच्या टीममध्ये सगळ्यात कमी रेघा माझ्या असतात. मला त्याचा गर्व होता.

रुग्णांची माहिती बाहेर जाता कामा नये, म्हणून ती माझ्या लॅपटॉपवर येतच नाही. माझं खरं मशीन कंपनीच्या सर्व्हरवर आहे, कुठल्या शहरात तेसुद्धा मला माहीत नाही. घरचा लॅपटॉप म्हणजे त्या मशीनकडे बघायची नुसती खिडकी. इथं कळ दाबली की तिथं अक्षर उमटतं. इथं बोललं की तिथं ऐकू जातं. पुण्यात भाड्याच्या खोलीत बसून करायचे तेच काम चार-पाच वर्षांपासून मी इथं, आमच्या दोन खोल्यांच्या घरात करते. छतावर इंटरनेटची डिश, कोपऱ्यात इन्व्हर्टर. माझ्या खोलीची खिडकी अंगणात उघडते. अंगणात लिंबाखाली बाज, बाजेला लागून पुरुषभर उंचीची भिंत, आणि भिंतीपलीकडे मिराकाकूचं घर.

त्या बाजेवर माझी आई गेली. कोजागिरीनंतरचा गुरुवार होता. सगळं गाव सोयाबीन काढायला शिवारात गेलेलं. मी खोलीत कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनमधले शब्द सोडवत होते. चार वाजून दहा मिनिटांनी चहाचा रिकामा कप घेऊन बाहेर आले, तर आई भिंतीकडे तोंड करून निजलेली. सेनगावचे डॉक्टर म्हणाले, हार्ट. "अर्धा-पाऊण तास तरी तकलीफ झाली असंल," असंही म्हणाले.

खोलीपासून बाजेपर्यंत बारा पावलं आहेत. वडील मी कॉलेजात असतानाच गेले होते, घरात आम्ही दोघीच. काम चालू असताना हाक मारायची नाही, असा नियम मीच वैतागून घालून दिला होता. तरी ती मारायचीच. मग मी एक कान मोकळा करून म्हणायचे, "आले, दोन मिनिटं." ती म्हणायची, "तुझे दोन मिनिटं म्हंजे एसटीचे दोन मिनिटं." त्या दुपारी तिनं मला हाक मारली का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. मारली असेल तर मी ऐकली नाही. मारली नसेल तर माझा नियम पाळत ती मेली. दोन्हीकडून दोष माझाच. पण कुठला, ते कळल्याशिवाय मला झोप लागत नव्हती.

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. गावात हळद शिजवणं सुरू झालं होतं आणि तिचा उग्र वास दारं लावली तरी घरात यायचा. मंगळवारी टीमच्या कॉलवर सगळे म्हणाले, "साधना, तुझा आवाज उशिरा येतोय." मी मदतीसाठी वैजनाथला फोन लावला. कंपनीची मशीनं तो सांभाळतो. त्याचा नंबर पुण्याचा आहे, पण माणूस बसतो वारंगा फाट्याला, भावाच्या टायरच्या दुकानावरच्या माडीवर. त्याच्या बोलण्यात मधून मधून ट्रकचे हॉर्न वाजतात.

"ताई, सेटिंगमधी जा. सोताचा माइक सोतालाच ऐकू यायची एक खूण हाय, ती लावा. तुमचा आवाज सर्व्हरवर जाऊन माघारी तुमच्या कानात येईल. किती उशिरा येतो ते बराबर कळल."

खूण लावली. हॅलो म्हटलं. क्षणभरानं माझाच हॅलो कानात आला.

"तुमी साइन आउट कवा केलं व्हतं?" त्यानं विचारलं.

"मी रोज संध्याकाळी बंद करते."

"खिडकी बंद करता तुमी. खिडकी बंद केली म्हंजे मशीन बंद झालं न्हाई, ताई. तुमी इथून उठून गेल्या तरी तिथं तुमी बसलेल्याच." त्याच्याकडे कळांची टकटक झाली. "हे तर सहा ऑक्टोबरपासून चालू हाय. असं व्हत न्हाई. आठ दिसाला सगळ्यांचे आपोआप बंद व्हतेत. तुमचं एकटीचंच काहून राह्यलं?"

"मग करू का आता साइन आउट?"

"ऱ्हाऊ द्या. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता आमी सगळ्यांचेच बंद करून राह्यलो. मग आवाज आपोआप सुधरल."

सहा ऑक्टोबर म्हणजे कोजागिरीचा दिवस. हे त्या वेळी माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

बुधवारी दुपारी कुकर उतरवून, ताट घेऊन टेबलाशी आले आणि हेडफोन लावले, तर कानात कुकरची शिट्टी झाली. मी उठून गॅस पाहिला. बंद होता. कानात तीन शिट्ट्या पूर्ण झाल्या, मग माझी पावलं वाजली, मग ताट वाजलं. मी घड्याळ पाहिलं: चाळीस मिनिटं मागे. खिडकी बंद करून पुन्हा जोडलं, तर दारात दूधवाल्याच्या कॅनचा आवाज. तो सकाळी सातला येतो. आवाज कुठं तरी साठून राहतो आणि सवडीनं येतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. माझं शिक्षण शास्त्रशाखेचं आहे, मला समजूत घालता येते.

गुरुवारी सकाळी जोडलं तेव्हा खोलीत कुणी तरी बाई रडत होती.

मी मागे वळून पाहिलं. मग लांबून फटाक्यांची माळ ऐकू आली आणि कळलं, की ती मीच आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी पणतीसुद्धा न लावता या टेबलावर डोकं ठेवून रडले होते. माझं ते रडणं कुणी ऐकलं नाही, असं मला वाटत होतं.

म्हणजे खिडकी बंद करून पुन्हा उघडली की आवाज आणखी मागे जात होता. आता मी घाई करायला घाबरले. एकदा जास्त झालं तर आई गेली तो गुरुवार ओलांडून पलीकडे जाईन, आणि शुक्रवारी सातच्या आत परत यायचं कसं, ते मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी एकदाच बंद करून उघडलं. खोलीत पुष्कळ बाया हलक्या आवाजात बोलत होत्या. कुणी म्हणालं, "लेकराला चहा तरी द्या कुनी." आईचा दहावा. मी खिडकी बंद केली आणि त्या रात्री हात लावला नाही.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला जोडलं. आधी लांबवर मळणीयंत्राची घरघर आली. मग अंगणात बांगड्या वाजल्या.

"हाड. हाड म्हनते ना. बस तिथं सावलीला, ऊन लागल तुला बी."

आई कुत्र्याशी बोलत होती. मी टेबलाची कड धरून बसले. तिचा आवाज मी विसरत चालले होते, हे मला तो ऐकला तेव्हा कळलं. साडेतीन महिन्यांत मी तो जरा मऊ करून टाकला होता. खरा आवाज थोडा घोगरा होता, आणि मला तोच हवा होता.

मी एकही अहवाल उघडला नाही. आई झाडलोट करत होती, खोकत होती, स्वतःशी पुटपुटत होती. अकराच्या सुमाराला दारात कुणाला तरी म्हणाली, "न्हाई वं, मला उपास हाय. गुरुवार न्हाई का आज?" दोन वाजता दार वाजलं. मी हेडफोन काढून दाराकडे गेले आणि अर्ध्यातून परत आले. ते दार कानातलं होतं.

"साधना, चहा आनला वं."

"ठेव तिथं." हा आवाज माझा होता. कोरडा.

तो चहा मला आठवत होता. साय धरेपर्यंत मी तो प्याले नव्हते. मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, इथंही दोनच वाजले होते. तारखा वेगळ्या, पण वेळ मिनिटाला मिनिट जुळलेली. आता मला फक्त बसून ऐकायचं होतं.

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी हाक आली.

"साधना."

मोठ्यानं नाही. धुतलेल्या लुगड्याचं दुसरं टोक धरायला बोलवावं, तशी.

"साधना, पानी आन वं जरा. कसंतरीच होऊन राह्यलं."

तिनं हाक मारली होती. उत्तर मिळालं होतं. उठून जायला हवं होतं, पण मला हलता येईना. कारण कानात आणखी एक आवाज येत होता, अगदी जवळून. कीबोर्डच्या कळांचा. ती दुसरी मी, कान बंद करून, टाइप करत होते.

"साधना."

कळा.

"साधे…"

"आले वं माय! आले, आले!"

मी ओरडले आणि उठले. वायर ताणली गेली, हेडफोन एका कानावरून घसरला. मोकळ्या कानाला अंगणात काहीच नव्हतं. दुसऱ्या कानात आईनं लांब श्वास सोडला.

"बरं," ती म्हणाली. "ये."

मी खाली बसले.

तिला माझं ऐकू गेलं होतं. मी काय करायला हवं होतं, ते आता कुणीही सांगेल. "मिराकाकूला हाक मार", एवढे तीन शब्द पुरे होते. ते मला सुचले नाहीत. मला एवढंच हवं होतं की तिला एकटं वाटू नये. मी माइक दोन्ही हातांत धरून रडत राहिले, "मी इथंच हाय माय, इथंच हाय," एवढंच म्हणत राहिले. ती मधून मधून "हूं" म्हणायची. झोपेतल्या माणसासारखं.

एकदा भिंतीपलीकडे चपला वाजल्या. भिंतीपर्यंत आल्या. थांबल्या. माघारी गेल्या.

"इथंच हाय माय."

"हूं."

"इथंच हाय."

मळणीयंत्र थांबलं. कुत्रं उठून कान फडफडवत गेलं.

"माय?"

कळा पडत राहिल्या, भराभर, न चुकता.

चार वाजून दहा मिनिटांनी खुर्ची सरकली आणि माझा आवाज अंगणातून आला, "आई, झोपलीस का?" मी हेडफोन काढून ठेवले. पुढचं मला पाठ होतं.

सात वाजायला अजून अवकाश होता, पण मी पुन्हा बसले नाही. तोंड धुतलं आणि मिराकाकूकडे गेले. ती दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. आई गेल्यापासून महिनाभर ती मला भाकरी आणून द्यायची, पण आमच्या घरात कधी टेकायची नाही. दुःख असेल, असं मी समजत होते.

"काकू, आई गेली त्या दुपारी तू घरी व्हतीस?"

तिचे हात थांबले. "कोनी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई."

"ताप व्हता मला. शेतात गेलेच न्हाई." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "तुझ्या मायनं हाक मारली ती म्या ऐकली. उठून भिताडापाशी आले. तवर तुझा आवाज आला, आले वं माय म्हनून."

"खोलीतून आला?"

"खोलीतून काहून येईल? बाजेवरून. तिच्या उशापासून." काकूनं पदरानं तोंड पुसलं. "लई रडून राह्यली व्हतीस तू. इथंच हाय, इथंच हाय म्हनून. अन् मग लोकाला सांगितलं, की मी खोलीत व्हते, मला काईच ऐकू आलं न्हाई. म्या कुनापाशी तोंड उघडलं न्हाई बाई. माय मरताना लेकीचं काय व्हते ते लेकीलाच ठाव."

शेंगांच्या टरफलांवरून एक मुंगी चालली होती, मी तिच्याकडे पाहत राहिले.

"मला काय म्हाईत ती जाऊन राह्यली," काकू म्हणाली. "मला वाटलं, मायलेकीचं कायतरी मनातलं निघालं. आपन मधात काहून जावं? तुमाला मोकळं बोलता यावं, म्हून म्या आत जाऊन दाराला कडी लावून घेतली."