टेकडीवरच्या बाईचं माप

चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवल्यावर काकूंनी हातात ब्रश धरला, तेव्हा घरात खसखस पिकली. शिकवणीच्या मास्तरांनी त्यांना नक्कल करायला एक जुनं चित्र दिलं होतं: करडं आभाळ, टेकडी चढत जाणारी पायवाट आणि वाटेवर पाठमोरी उभी एकटी बाई. नक्कल सूतभरही चुकली नाही, तर रविवारच्या प्रदर्शनात जागा. काकूंनी एकूण एक गिऱ्हाइकाला आमंत्रण देऊन टाकलं होतं.

मूळ चित्रातली बाई चार बोटं उंच. काकूंनी टेप लावूनच रंगवली. देवानं त्यांच्या हाताला मापाचं वरदानच दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई तीन बोटं भरली. रंग वाळलेला, आणि ती वाटेवर बरीच वर.

"अहो, तुम्ही हात लावलात?"

"मी? मला तू साधं बटण लावू देत नाहीस!" काका पेपरामागून म्हणाले.

मास्तरांनी पाहिलं. "काकू, माप चुकलं तुमचं." चाळीस वर्षांत हे वाक्य काकूंच्या कानावर आलं नव्हतं.

शुक्रवारी बाई नखाएवढी उरली.

"ही चाललीय हो निघून! रविवारी काय नुसती टेकडी टांगू?" काकू रडकुंडीला आल्या.

"थंडी वाजत असेल बिचारीला. तू शिवणारी ना? पांघरायला दे की काहीतरी."

काकूंना रडता रडता हसू फुटलं. त्यांनी तिच्या खांद्यांवर तीळभर लाल शाल रंगवली.

शनिवारी दोन बोटं. रविवारी सकाळी बरोबर चार! काकूंनी हातच जोडले.

मास्तर शालीकडे बघत राहिले. "मूळ चित्रात ही नाही. पण शोभतेय." आणि त्यांनी चित्र टांगलं. सारी गिऱ्हाइकं लोटली, टाळ्या पडल्या, काकूंना आभाळ ठेंगणं झालं.

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. चित्र उतरवायला दोघं जवळ गेली.

बाई वीतभर झाली होती.

पाठमोरीच. शाल पायाशी घडी करून ठेवलेली. केस पुढे घेतलेले, मान मोकळी. हात अंगापासून जरासे लांब.

"अगंबाई! माप द्यायला उभी राहिलीय!" काकूंनी कौतुकानं गळ्यातला टेप काढला.

काका हसले नाहीत.

"नको गं. पाठीचं झालं, की वळेल ती."

तोवर टेप तिच्या दुसऱ्या खांद्याला टेकला होता.