कौलाचं बटण

"कोल्हापुरात वादळ आहे, आपण गोव्याला उतरू," अशी घोषणा कॅप्टन तहसीन मुजावर यांनी केली आणि केरळ पाहून परतणाऱ्या सहलीतल्या मंडळींचे चेहरे पडले. आठवडाभर खोबरेल तेलातलं खाऊन सगळे घरच्या जेवणाला आसुसले होते.

सहलीचे हौशी पुढारी आनंदराव शेडबाळे लगेच उठले. "बटणं कशाला दिल्यात? दाबा की सगळ्यांनी!"

नव्या विमानांत प्रत्येक खुर्चीच्या हातावर कौलाचं बटण असे. निर्णय पसंत नसेल तर प्रवाशानं ते दाबायचं. वैमानिकासमोरची पट्टी तेवढी लाल होत जाई. ती नुसती माहितीसाठी, असं कंपनी सांगे. वैमानिकाची बढती मात्र त्याच पट्टीवर ठरे.

सगळ्यांनी बटणं दाबली. शेवटच्या रांगेतले बापू चौगुले तेवढे हात मांडीवर ठेवून बसून होते. "त्या कॅप्टन बाईंना कळतंय की काय ते."

"तुझ्या एकट्यापायी आम्ही उपाशी झोपायचं व्हय?" आनंदरावांनी हसत हसत त्यांचं बोट धरून बटणावर दाबलं. टाळ्या पडल्या. थोड्या वेळानं कोल्हापुरातच उतरण्याची घोषणा झाली, तेव्हा त्याहून मोठ्या पडल्या.

धावपट्टी दिसते न दिसते तोच आडव्या वाऱ्यानं विमान उचलून आपटलं. ते चिखलात घसरत गेलं आणि शेपटाकडचा भाग तुटला. मागच्या रांगांतलं कोणीही वाचलं नाही.

वर्तमानपत्रांनी कॅप्टनना बेजबाबदार ठरवलं. बटण कोणी दाबलं याची नोंद राहत नसे, त्यामुळे सहलीतल्या कोणीच तोंड उघडलं नाही. आनंदराव बापूंच्या घरी जाऊन 'देवाची मर्जी' म्हणून आले आणि परतताना त्यांना स्वतःचीच किळस वाटली.

शेवटी ते इस्पितळात गेले. कॅप्टनचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये होते.

"मॅडम, चौकशीत मी सांगतो. सगळ्यांना मीच चिथावलं."

"जरूर सांगा. पण बटणानं विमान उतरत नाही, काका. लाल पट्टी बघून मी कच खाल्ली. वादळापेक्षा तिलाच जास्त भ्याले."

आनंदरावांना मान वर करवेना. त्यांनी शिव्या खायची तयारी केली होती. या शांत बोलण्यानं ते पुरते ओशाळले.

"एक विचारू?" कॅप्टन म्हणाल्या. "मी तुमचं ऐकलं नसतं, सगळेच्या सगळे गोव्यात सुखरूप उतरले असते, तर आज तुम्ही माझ्याबद्दल गावभर काय बोलत असता?"