धावपट्टीआधीचं वळण

दातांची डॉक्टर विमानातून उतरली ती खुशीतच. चाळिशी उलटल्यावर विमान चालवायला शिकणारी बाई, आणि आज पहिल्यांदाच तिने विमान न आपटता टेकवलं होतं.

"मास्तर, पेशंटच्या तोंडात ड्रिल धरताना माझा हात कापत नाही, इथे मात्र घाम फुटतो," ती म्हणाली. "पण शेवटच्या वळणावर तुम्ही स्टिक हळूच पुढे ढकलता ना, त्याने फार धीर येतो."

मास्तर हसला, आणि मग त्याला आठवलं. त्या वळणावर त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

दोन सीटांचं छोटं विमान. विमानाचं नाक वर-खाली करायच्या, दोघांसमोरच्या स्टिक आतून जोडलेल्या. एक हलली की दुसरी हलायचीच. त्याने मेकॅनिककडून सगळ्या केबल तपासून घेतल्या.

"काही नाही हो," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "लोण्यासारखी चालतेय."

पुढच्या दोन्ही धड्यांत तेच झालं. धावपट्टीकडे वळताना डॉक्टरचा वेग घटला, की स्टिक अलगद पुढे जायची, नाक खाली यायचं, वेग सावरायचा. ती चुकायला लागायची आणि विमान तिला चुकू द्यायचं नाही.

आठ महिन्यांपूर्वी याच वळणावर मास्तरची पुतणी गेली होती. विमान दुसरं, पण याच बनावटीचं. तिचं पहिलंच एकटीचं उड्डाण.

"काका, स्टॉलमधून विमान सावरायचा सराव आणखी एकदा करू या ना," निघण्यापूर्वी ती म्हणाली होती. "वेग पडला की नाक खाली घालायचं, हे डोक्याला कळतंय. हाताला नाही कळत अजून."

दुपारी वारा वाढणार होता. "उगाच कच खाऊ नकोस," असं म्हणून त्याने तिच्या वहीत एकटीने उडायच्या परवानगीची सही केली. वळणावर वेग पडला, घाबरून तिने स्टिक पोटाशी ओढली आणि विमान तीनशे फुटांवरून दगडासारखं खाली आलं. चौकशीत त्याच्यावर ठपका आला नाही. तिचा बाप, म्हणजे मास्तरचा थोरला भाऊ, त्यानेही एका शब्दाने दोष दिला नाही. "तू तरी काय करणार?" म्हणत उलट त्यानेच याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचं ओझं मास्तरच्या पाठीवरून अजून उतरलं नव्हतं.

त्यातला दुसरा धडा संपल्यावर, दुपारी, तो एकटाच उडाला. सवयीने शिकवणाऱ्याच्या, उजव्या सीटवर बसला. खाली शेतं, कालवा, गोदामांची पत्र्याची छपरं. सगळं रोजचंच.

शेवटच्या वळणावर त्याने मुद्दाम वेग पडू दिला. इशाऱ्याचा भोंगा वाजू लागला. पंख थरथरले.

स्टिक पुढे जाऊ लागली.

त्याने ती मागे धरून ठेवली. पलीकडून दाब वाढला. झटका नव्हता, घाई नव्हती. एखादी गोष्ट नीट शिकलेल्या हाताचा तो दाब होता.

"तुला सराव हवा होता," तो भोंग्याच्या आवाजात म्हणाला. "मला ठाऊक होतं गं. तेव्हाच ठाऊक होतं."

दाब गेला.

स्टिक त्याच्या मुठीत हलकी, पोरकी झाली. नाक त्याने स्वतःच खाली घातलं. विमान कसंबसं सावरलं, टेकलं, थांबलं. आपण वाचलो याचं त्याला काहीच वाटलं नाही. तो दाब आणखी थोडा वेळ राहायला हवा होता, एवढंच वाटलं.

मेकॅनिकने चाकांना अडण्या लावल्या, डावीकडचं दार उघडलं आणि तो तसाच उभा राहिला.

"मास्तर," तो हळू आवाजात म्हणाला, "एकटेच गेला होतात ना?"

मास्तरने वळून पाहिलं. डाव्या, शिकणाऱ्याच्या सीटचा पट्टा लावलेला होता. रिकाम्या सीटवर तो सपाट पडायला हवा होता. तो सीटपासून वीतभर पुढे, गोलसर ताणलेला होता. आणि अगदी संथपणे किंचित सैल पडत होता, पुन्हा ताणला जात होता.