उल्काचा हात

कसबी हातांच्या हालचाली नोंदवणाऱ्या करस्मृती प्रयोगशाळेत दोन चित्रकार नोकरीला होते. दोघेही पटावरच्या खेळातले बोटभर सैनिक रंगवण्यात वाकबगार. बावन्न वर्षांचे चंद्रहास वैराळे असे सैनिक रंगवण्याच्या स्पर्धेत अकरा वर्षं देशात पहिले येत होते. मग उल्का भोसेकर आली, आणि गेली तीन वर्षं ते दुसरे येत होते.

चिलखताच्या खाचांत पातळ काळा रंग सोडणं, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा उजळणं, हे वैराळ्यांनाही येई. पण मोहरीएवढ्या चेहऱ्यावर डोळा काढताना उल्का श्वास रोखून एकच ठिपका ठेवी, आणि तो सैनिक बघू लागे. वैराळ्यांना तो ठिपका सहन होत नसे.

"रंगवताना आम्हाला घालायला लावता तो हा हातमोजा नेमकं काय टिपतो?" त्यांनी एकदा प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. इरावती मेंगडेंना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मेंदूने स्नायूंना दिलेल्या आज्ञा. जशाच्या तशा. त्याच आज्ञा विद्युत्स्पंदांनी दुसऱ्या हाताला दिल्या, की चाळीस तासांत त्यालाही तीच सवय लागते."

"म्हणजे उल्काचा हात कुणालाही मिळेल?"

"माणसांवर प्रयोगाची परवानगी अजून नाही, वैराळे."

पुढचे दोन महिने रोज जेवणाच्या सुट्टीत, दार लावून, वैराळे उल्काच्या नोंदी आपल्या हातात भिनवत राहिले.

चाळीस तास भरले. त्यांनी एका घोडेस्वाराच्या डोळ्यावर कुंचला नेला. टोक थरथरलं. ठिपका गालावर पडला, दुसरा नाकावर. आठवडाभरात हातातला चहाही हिंदकळू लागला, तेव्हा त्यांनी मेंगडेंसमोर सगळं कबूल केलं.

मेंगडे भयंकर संतापल्या. मग त्यांनी वैराळ्यांच्या हाताचा आलेख काढून तपासला.

"तुमचा हात निरोगी आहे," त्या म्हणाल्या. "सेकंदाला पाच वेळा तो कंप दाबायची आज्ञा पाळतोय. दाबायला कंपच नाही, म्हणून ती आज्ञाच कंप होऊन दिसते."

"पण ज्या हाताला मुळात कंप असेल..."

"तो यामुळे स्थिर राहील. उल्काच्या मेंदूने नकळत असाच तोल सांभाळलाय. आजाराचा तिलाही पत्ता नसणार. हे फार दिवस टिकणार नाही. आत्ताच उपचार झाले तर मात्र बरंच वाचेल."

आजारी हाताने ती आपल्याला तीन वर्षं हरवत होती! वैराळ्यांना तिची काळजी वाटायला हवी होती. आधी दाटून आला तो मत्सरच.

"मी बोलते तिच्याशी," मेंगडे म्हणाल्या.

"कसं कळलं, असं विचारेल ती. मीच सांगतो."

उल्का खिडकीपाशी एका धनुर्धराची कड उजळत होती. वैराळे समोर उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती.

"अगबाई! सर, काय झालं तुमच्या हाताला?"

"कुंचला खाली ठेव, उल्का," वैराळे म्हणाले. "हा हात माझा नाही. तुझा आहे."