आठव्या नकाराचे कारण

सात प्रयोगशाळांच्या लेखी परीक्षेत तो पहिल्या तिघांत आला होता, आणि सातही ठिकाणी दुपारच्या प्रात्यक्षिकानंतर त्याला नकार मिळाला होता. घरच्या सरावात त्याचे उत्तर एका थेंबापलीकडे कधी चुकले नव्हते.

सातवे पत्र आईने जेवणाच्या टेबलावर उघडले. चष्मा न लावताच वाचले, कारण मजकूर आता पाठ झाला होता. मग तिने मुलाकडे नव्हे, मुलीकडे पाहिले.

"तुला ठाऊक होतं ना हे?"

ताईच्या हातातला घास हातातच राहिला. "मला कसं ठाऊक असणार, आई?"

"पत्र तुझ्याच प्रयोगशाळेचं आहे. तिथंच तर कामाला आहेस. बारा वर्षं."

"मी तिथं काचसामान धुते. नेमणुका करत नाही."

"धुता धुता माणसाच्या कानावर पडतं," आई पत्राची घडी घालत म्हणाली, "आणि तोंडातूनही पडतं."

ताईने धाकट्या भावाकडे पाहिले. त्याला घरात 'मास्तर' म्हणत. चार वर्षांचा असताना आलेल्या-गेलेल्याच्या चुका काढायचा म्हणून. आज त्याने कुणाचीच चूक काढली नाही. तो खाली मान घालून ताटातल्या भाताच्या ओळी करत बसला, आणि त्याच्या त्या गप्प बसण्याने ताईच्या काळजात जे रुतले, ते आईच्या शब्दांनीही रुतले नव्हते...

बारा वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा ताई रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. घरातून एकच जण शिकू शकणार होता. निर्णय घ्यायला तिला एक दुपार पुरली. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ज्या नळ्या ती हाताळायची, तशाच नळ्या पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत धुण्याचे काम तिने धरले. तिच्या हातून धुतलेली काच डागाविना निघते, असा तिथे लौकिक होता. दोन स्थळे आली, ती तिनेच परतवली. कुणी विचारले तर म्हणे, "एक मास्तर सांभाळतेय, तेवढा पुरे." लोक हसत. तीही हसे.

मास्तर पदवीधर झाला आणि तयारीला लागला. तयारी म्हणजे किती, तर पदवीची सगळी पाठ्यपुस्तके उलटसुलट म्हणावीत इतकी! टोक तुटलेली, मोडीत काढलेली एक ब्यूरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मापाची काचनळी, ताईने कामावरच्या मोठ्या बाईंना विचारून घरी आणली, टोक घासून नीट केले, आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी केली. दर रविवारी सकाळी तिथे टायट्रेशनचा सराव चाले. फ्लास्कमध्ये सिरका, त्यात रंग बदलून दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब, वरून ब्यूरेटमधून कॉस्टिक सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने. द्रावणाला पहिली फिकट गुलाबी झाक आली की थांबायचे आणि आकडा लिहायचा. एवढाच तो खेळ. पण रसायनशाळेत माणसाचा हात याच खेळावर पारखतात. चोवीस पूर्णांक एक दशांश मिलिलिटर, चोवीस पूर्णांक एक दशांश, चोवीस! ताई शेजारी बसे, आई कौतुकाने पाहत उभी राही.

मग माशी शिंकत होती कुठे?

सातव्या पत्रानंतर घरातल्या वस्तू जागा बदलू लागल्या. मास्तरची कागदपत्रे उघड्या फळीवरून कुलपाच्या कपाटात गेली. टपाल शेजारणीकडे पडू लागले. ताई खोलीत आली की चाललेले बोलणे भाजीच्या भावावर येई. रविवारचा सराव तर बंदच झाला. "मान दुखतेय," मास्तर म्हणाला. पुढच्या रविवारी पोट दुखले.

"अरे, एखादा अवयव माझ्यासाठीही शिल्लक ठेव दुखायला," ताई म्हणाली. तो हसला नाही.

एकदा दाराआडून आईचा आवाज तिच्या कानी आला. "मी काय तिला वाईट म्हणते? पण माणूसच आहे ना ती! स्वतःचं शिक्षण सोडलं, संसार सोडला... मनात कुठंतरी सल असणारच. आणि सल असला की हात आपोआप आखडतो."

ताई तशीच मागे फिरली आणि स्वतःच्या खोलीत येऊन कॉटच्या कडेवर बसली. राग यायला हवा होता. आला तो संशय, आणि तोही स्वतःचाच! पहिला नकार आला त्या दिवशी आपल्याला नेमके काय वाटले होते? दुःख तर झालेच होते. पण त्या दुःखाच्या तळाशी, क्षणभर, अगदी क्षणभर, 'चला, त्यालाही सगळं सोपं नाही' असे काही हलके हलके वाटून गेले नव्हते का? तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. गेले होते. पण मनात उमटलेल्या एका क्षणाने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ब्यूरेटमधला आकडा बदलत नाही, हेही तिला ठाऊक होते. ठाऊक असूनही तिला रडू आले...

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी दुपारी ती कामावरून घरी आली तेव्हा आई पुढच्या खोलीत ताठ बसली होती आणि मास्तर बाहेरच्या बुटांसकट कोचावर पडला होता.

"आठवं ठिकाण!" आई म्हणाली. तिचा आवाज चिरकत होता. "तुला पत्ता लागू दिला नव्हता. बोलावण्याचं पत्र शेजारी आलं, हा मित्राकडे जातो सांगून गेला... तरीही तेच, तोंडावरच नकार! तिथं कोण आहे गं तुझं ओळखीचं?"

ताईने पर्स खाली ठेवली. आपल्याच घरात आपल्यापासून एक आख्खी परीक्षा लपवली गेली, हे आधी तिच्या छातीत शिरले, आणि ती भिंतीला टेकली. पण बारा वर्षे साबणाच्या पाण्यात हात बुडवूनही तिच्या डोक्यातला दोन वर्षांचा विज्ञानाचा अभ्यास विरघळला नव्हता.

"आई, या परीक्षेची मला खबर होती का?"

"नव्हती."

"मी कुणाला काही सांगू शकत होते का?"

आईने नकारार्थी मान हलवली.

"तरी निकाल तोच लागला. मग कारण मी नाही. माझ्या शत्रूलाही हे मान्य करावं लागेल. तू तर माझी आई आहेस." ती कोचाकडे वळली. "साप साप म्हणून भुई धोपटलीत. आता खरा साप शोधू या. मास्तर, तयारी केली होतीस?"

"केली होती," तो छताकडे पाहत म्हणाला. "तू कामावर गेलीस की. खिडकीशीच."

"उत्तर किती यायचं?"

तो उठून बसला. एकेक करून बूट काढले. मग एकदम म्हणाला, "सत्तावीस. कधी अठ्ठावीस. ताई, मला वाटलं, तू बाटलीत काहीतरी मिसळलंस. म्हणून मी सगळं ओतून टाकलं आणि स्वतः नवीन द्रावण केलं. स्वतः वजन केलं. तरी सत्तावीस!"

म्हणजे आपल्या भावाने आपल्या हातची बाटली मोरीत ओतली होती! ताईने डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत पाणी होते, पण नजर निराळी होती.

"मी असताना चोवीस, मी नसताना सत्तावीस," ती पुटपुटली. "उद्या सकाळी करायचं. तिघांसमोर. आई, तू माझे हातही बांधून ठेव हवं तर."

"काहीतरी बोलू नकोस," आई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी ती खुर्ची घेऊन ताईच्या अगदी शेजारी बसली.

खिडकीतून स्वच्छ ऊन येत होते. मास्तरने सिरका मोजला, दर्शक टाकला, ब्यूरेट भरली. हात सराईत होते. ताईला त्या हातांत एक उणीव दिसेना. थेंब पडू लागले. तेवीस... साडेतेवीस... चोवीसला फ्लास्कभर ती फिकट गुलाबी झाक पसरली. ताईने ओठ आवळून धरले. थेंब पडतच राहिले. पंचवीसला द्रावण गडद झाले, सव्वीसला भडक. आईला रसायनातले काही कळत नव्हते, पण तीही खुर्चीत पुढे सरकली. मास्तर एकदा फ्लास्ककडे पाही, एकदा ताईच्या तोंडाकडे. पुन्हा फ्लास्ककडे, पुन्हा तोंडाकडे. त्याच्या कपाळावर घाम आला.

"ताई, बोल ना!"

"काय बोलू?"

"नेहमी बोलतेस ते! 'झालं' म्हण ना!"

तोटी अजून उघडीच होती. ताईने हात पुढे करून ती बंद केली.

"मास्तर," तिने अगदी हळू विचारले, "तुला आत्ता हा रंग कसा दिसतोय?"

"आत्ता थोडा... निळसर. आता येतोय बहुतेक."

आईच्या तोंडून उद्गार निघाला, "अगोबाई, निळा? चांगला बीट कापून टाकल्यासारखा आहे की!"

ताईने तीन पेले मांडले. दोहोंत नुसते पाणी, तिसऱ्यात चोवीसची ती फिकट झाक पुन्हा तयार करून. "यातला वेगळा कुठला?" त्याने तिन्ही उजेडात धरले, पुन्हा धरले आणि चुकीचा पेला उचलला. पेल्यांची अदलाबदल करून तिने सहा वेळा विचारले. दोनदा बरोबर, चारदा चूक. डोळे मिटून उचलले असते तरी एवढेच जमले असते.

"सगळ्यांना असंच दिसतं ना?" तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मला वाटायचं, फिकट गुलाबी म्हणजे असतंच असं... दिसत नाही, अंदाजानं ओळखायचं. कॉलेजात जोडीनं करायचो. मी आकडे घ्यायचो, जोडीदार फ्लास्क बघायचा."

आणि मग ताईला एकेक आठवू लागले. शाळेत जाताना त्याचे कपडे तीच काढून ठेवी. रंगीत पेन्सिलींवर नावांच्या चिठ्ठ्या तिनेच चिकटवल्या होत्या. पिकला टोमॅटो कुठला, हिरवा कुठला, हे त्याने विचारण्याआधी ती सांगे. त्याला कशात कमी पडू द्यायचे नाही, या एका ध्यासाने तिने त्याच्या डोळ्यांचे काम स्वतःच्या डोळ्यांवर घेतले, आणि कमी काय आहे हे त्यालाही कधी कळू दिले नाही, स्वतःलाही!

"आई," ती म्हणाली आणि हुंदक्याने तिचे शब्द तुटले, "तुझा संशय अगदीच खोटा नव्हता गं... त्याला अडवलं ते मीच."

"नको, नको असं बोलूस!" आई उठली. तिने मुलीचे ते साबणाने भेगाळलेले दोन्ही हात आपल्या तोंडावर धरले आणि मोठ्याने रडू लागली. "मी कुलपं लावली गं... माझ्याच लेकीला चोर ठरवून कुलपं लावली!"

"मी बाटली ओतली," मास्तर म्हणाला. तो जमिनीवर बसला होता आणि त्याचे डोके ताईच्या गुडघ्याला टेकले होते. "ताई, मी तुझी बाटली ओतली..."

"नवीन करू," ताई म्हणाली. "वजन मात्र तूच कर. ते तुझं बरोबर आलं होतं."

नेत्रतज्ज्ञाने ठिपक्यांचे पुस्तक उघडले आणि पाच मिनिटांत निदान केले. लाल आणि हिरव्यातला फरक या डोळ्यांना जन्मापासून दिसत नाही. इजा नाही, रोग नाही, उपायही नाही. असा दोष मुलाकडे आईकडून येतो, आईला स्वतःला तो नसला तरी. हे ऐकताच आईचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "माझे वडील नेहमी कच्चे टोमॅटो आणायचे. आम्ही सगळे त्यांना चिक्कू म्हणायचो. स्वस्तात मिळतात म्हणून आणतात, असं वाटायचं... म्हणजे हे माझ्याकडूनच गेलं?"

"नाकही त्याला तुझंच आलंय," ताई म्हणाली. "त्याबद्दल कुणी कधी तुला बोललं का?"

आई रडता रडता हसली.

पुढच्या सोमवारी ताई, धुण्याचा एप्रन उतरवून, मोठ्या बाईंसमोर उभी राहिली. प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. बारा वर्षांत तिने स्वतःसाठी त्यांच्याकडे काही मागितले नव्हते. आजही स्वतःसाठी मागत नव्हती. बाईंनी सर्व ऐकले, कपाटातून मास्तरचा प्रात्यक्षिकाचा कागद काढला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले.

"लेखीत नव्वद आणि हाताला तीन मिलिलिटरची चूक! आम्हाला वाटलं, लेखीला कुणी दुसराच बसला असावा. आता हे काय पत्रात लिहिता येतं? बाकीच्यांनाही तेच वाटलं असणार."

"एकदा आम्लता मोजणाऱ्या मीटरवर करून बघू द्या त्याला, बाई. तिथं रंग बघायचा नसतो, आकडे बघायचे असतात. चुकला तर पुन्हा नाव काढणार नाही."

मीटरवर मास्तरने एकच नमुना तीनदा तपासला. तिन्ही उत्तरे एका थेंबाच्या आत आली. ताई तेव्हा तळमजल्यावर नळाखाली नळ्या धूत होती. वर काय झाले ते तिला तासाभराने कळले. त्याला उपकरण विभागात घेतले.

मात्र जुना चुकीचा कागद दप्तरी असल्याने त्या चुकीचे कारण उमेदवाराने लेखी द्यावे, असे बाईंनी सांगितले. मास्तरने ते घरी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिले, आईला वाचून दाखवले आणि ताईकडून तपासून घेतले. ताईने त्यात एकही शब्द बदलला नाही. ते असे होते:

"प्रयोग करणाऱ्यास लाल व हिरव्या छटांतील फरक जन्मतः दिसत नाही. घरच्या सरावात द्रावणाचा रंग बदलल्याचे तो स्वतः ओळखत नव्हता. त्याची थोरली बहीण ओळखत होती. ती 'झालं' म्हणे आणि तो तोटी बंद करी. हे दोघांच्याही ध्यानात आले नव्हते. आठही परीक्षांच्या वेळी ती त्या खोलीत नव्हती. चुकीचे कारण एवढेच."