मंगळवेढ्याचा गहाळ शिलालेख

फौजदार ऋतुजा सलगर सकाळी ठाण्यात पोचल्या आणि फोन वाजला. पलीकडे पुरातत्त्व विभागाच्या पद्मजा गड्डम होत्या.

"मॅडम, शिलालेख गेलाय. आणि गेटवर जेसीबी उभा आहे."

मंगळवेढ्याबाहेर बायपासला लागून मोठी गोदामं व्हायची होती. पाया खणताना दगडी पायऱ्या लागल्या आणि काम थांबलं. पद्मजाबाईंनी माती काढली, तेव्हा आठशे वर्षांपूर्वीची बारव निघाली. पायऱ्यांच्या मधल्या टप्प्यात एक भली मोठी शिळा बसवलेली होती. गाळाखाली राहिल्यामुळे तिच्यावरची जुनी कानडी अक्षरं शाबूत होती.

आदल्या दुपारी बाईंनी ती शिळा वर काढली. आज सोलापूरहून अधिकारी येणार होते. लेख अस्सल ठरला तर जागा संरक्षित होणार, नाहीतर साधी जुनी विहीर समजून बारव बुजवायची आणि वर गोदाम.

ऋतुजा पोचल्या तेव्हा बारवेच्या काठावर वाळूची पोती नुसतीच पडली होती, त्यांच्यावर शिळा नव्हती. बारवेवर ताडपत्री ताणलेली होती. वर लोखंडी तिवई उभी होती आणि तिच्या कप्पीची साखळी ताडपत्रीच्या फटीतून खाली गेली होती.

पद्मजाबाईंनी घडलं ते सांगितलं. शिळा कप्पीनं उचलली. लटकत असताना तिच्या खालच्या अंगाला, पाठीवर, आडवी चीर दिसली. म्हणून ती अलगद, अक्षरं वर ठेवून, पोत्यांवर टेकवली. चिरेबद्दल त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. शिळा हलवायची परवानगी अडेल ही भीती होती. मग बारव झाकून, मजुरांना सोडायला त्या गावात गेल्या.

गोदामवाल्यांचा व्यवस्थापक युवराज गेटला टेकून उभा होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. दगड खोटा, आणि तो उघडा पडू नये म्हणून बाईंनीच लपवला. शेजारी डॉ. एकनाथ हत्तुरे उभे होते. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, पद्मजाबाईंचे गुरू. जमिनीखाली काहीही नाही, असं या जागेबद्दल बांधकामाआधी त्यांनीच लिहून दिलं होतं.

तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला. बाईंवर गुन्हा नोंदवा आणि गेट मोकळं करा, असा त्यांचा आदेश होता. ऋतुजांनी ऐकून घेतलं आणि तपास संपल्याशिवाय गेट उघडणार नाही असं सांगितलं. पलीकडचा आवाज चढला. त्यांनी उत्तर बदललं नाही.

मग त्यांनी राखणदार शिवप्पाला बोलावलं.

"काल बाई गेल्यावर कोण आलं?"

"हत्तुरे सर तेवढे. बाईंनीच बोलावलं हुतं की दगूड बघायला. सर म्हनले, मी बसतो हितं, तू जेवून ये. म्या भाईरनं कुलूप लावून गेलो."

"सर आत, कुलूप बाहेर?"

"व्हय. त्यांची गाडीबी भाईरच हुती."

"परत आलास तेव्हा दगड होता?"

"पोत्यांवर ताडपत्रीचा तुकडा टाकल्याला. उचलून न्हाय बघितलं, मॅडम. चुकलंच."

"सर जाताना हातात काय होतं?"

"काय न्हाय. आन त्यो दगूड चार गड्यास्नी हलत न्हाय."

युवराज हसला. सत्तरीच्या माणसानं शिळा खिशात घालून नेली का, असं त्यानं विचारलं. हत्तुरे सर मात्र हसले नाहीत.

"शोधून तरी उपयोग काय?" ते थकल्या आवाजात म्हणाले. "पाठीला एवढी मोठी चीर. वाटेतच तिचे दोन तुकडे झाले असते."

ऋतुजा ताडपत्रीजवळ गेल्या, गाठी सोडल्या आणि ती बाजूला सारली. पद्मजाबाई खाली वाकल्या आणि तशाच थांबल्या. काल शिळा काढल्यावर मधल्या टप्प्यात मोठा खड्डा राहिला होता. आज तो टप्पा सपाट होता.

"गेट बंद होतं, बाहेर काही गेलं नाही," ऋतुजा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "म्हणजे दगड आतच आहे. चार गड्यांना हलत नाही, पण कप्पीनं एकटा माणूस तो सावकाश उतरवू शकतो. निघाला त्याच खड्ड्यात, अक्षरं खाली करून. वरून चिखल फासला की झाली साधी पायरी. झाकलेल्या बारवेत कोण बघणार? गेट उघडलं असतं तर आज जेसीबीनं सगळंच बुजलं असतं."

त्या हत्तुरे सरांकडे वळल्या.

"सर, तुम्ही आलात तेव्हा दगड पाठीवर पडलेला होता. चिरेबद्दल बाई कोणाला बोलल्या नव्हत्या. ती दिसते फक्त दगड उचलल्यावर. तुम्ही कधी पाहिलीत?"

सरांनी चष्मा काढला.

"मी लिहून दिलं होतं, इथे काही नाही म्हणून," ते म्हणाले. "जागेवर आलोही नव्हतो. आयुष्यभराचं नाव गेलं असतं." मग पद्मजाबाईंकडे न बघता म्हणाले, "पहार बाजूलाच होती. मी फोडला नाही, पद्मजा."

"पुरणार होतात," पद्मजाबाई म्हणाल्या. "सर, असे लेख वाचायला मला तुम्ही शिकवलंत. म्हणून या जागेचा अहवाल मीच लिहीन, आणि काल काय झालं तेही त्यात लिहीन. तुमच्यासाठी एक ओळही गाळणार नाही."

तेवढ्यात युवराजनं हात केला आणि जेसीबी घरघरत पुढे सरकला. ऋतुजा चालत जाऊन त्याच्या दातेरी फावड्यासमोर उभ्या राहिल्या. चालकानं युवराजकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि इंजिन बंद केलं. त्यांनी हात पुढे केला. चालकानं किल्ली काढून दिली.

वरिष्ठांचा फोन पुन्हा वाजत होता. ऋतुजांनी तो उचलला.

"चोर सापडला, साहेब. दगडही सापडला. आता अख्ख्या बारवेचा पंचनामा करतेय, आणि तो होईपर्यंत मी गेटवरच बसणार आहे. कोणाला आत यायचं असेल तर त्यांना माझ्याशी बोलायला सांगा."